तिजोरीची किल्ली कोणाच्या कमरेला?

उर्दू शाळा सोडून आम्ही अब्बांच्या कापडाच्या पेढीवर बसू लागलो, तेव्हा मराठीतल्या ज्या शब्दाने आम्हाला पहिल्यांदा बुचकळ्यात टाकले तो शब्द म्हणजे 'जकात'. घरी जकात म्हणजे रमजानमध्ये हिशोब करून काढायची रक्कम, शेकडा अडीच. आणि इथे नाक्यावरचा कारकून सुताच्या गाठी मोजून जकातीची पावती फाडत होता. शब्द तोच, अरबीतून फारसीत आणि फारसीतून मराठी दफ्तरात आलेला. अब्बा हसून म्हणायचे, एक जकात देताना सवाब मिळतो आणि दुसरी देताना ट्रक रात्रभर उभा राहतो.

ही आठवण निघाली ती निवडणुकीमुळे. जानेवारी २०२६ मध्ये राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले. कुठे २०२० पासून, तर कुठे २०२२ पासून नगरसेवक नव्हते, प्रशासकाचा कारभार होता. इतक्या वर्षांनी उमेदवार दारात आले. रस्ते करू, गटारी बांधू, चोवीस तास पाणी देऊ आणि घरपट्टी वाढू देणार नाही, असे सगळ्याच पक्षांचे म्हणणे. आम्ही प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला की हे सगळे कोणाच्या पैशातून करणार? एकालाही धड उत्तर देता आले नाही. त्यात त्या बिचाऱ्यांचा दोष थोडाच आहे. महापालिकेकडे पैसा येतो कुठून आणि तो किती यावा हे ठरवतो कोण, याचा विचार आपण व्यापारी लोकही कधी करत नाही. करायला हवा, कारण आपल्या धंद्याचे बरे-वाईट त्यावर अवलंबून आहे.

सत्तेचे विकेंद्रीकरण हा शब्द आपण १९९३ पासून ऐकत आलो. त्या वर्षी एप्रिलमध्ये ७३ वी घटनादुरुस्ती पंचायतींसाठी आणि जूनमध्ये ७४ वी घटनादुरुस्ती नगरपालिकांसाठी अमलात आली. शहरांच्या वाट्याला बाराव्या परिशिष्टात १८ विषय आले. पाणीपुरवठा, रस्ते-पूल, सार्वजनिक आरोग्य, झोपडपट्टी सुधारणा, इतकेच काय, आर्थिक व सामाजिक विकासाचे नियोजनसुद्धा. यादी वाचली तर वाटते की आता गावाचा कारभार गावाच्या हाती. परंतु कामांची यादी खाली पाठवताना पैशाची यादी वरच ठेवली गेली. नगरपालिकेने कोणते कर घ्यायचे हे घटनेने सांगितले नाही, ते राज्य शासनाच्या मर्जीवर सोडले. मुलाला दुकान सांभाळायला सांगावे आणि गल्ल्याची किल्ली मात्र आपल्याच कमरेला ठेवावी, त्यातला हा प्रकार.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये महापालिकांच्या आर्थिक स्थितीवर अहवाल काढला. देशातील शहरी संस्थांचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे एक टक्क्यावर दहा वर्षांहून अधिक काळ थांबलेला आहे, असे त्यात आहे. ब्राझीलमध्ये हेच प्रमाण ७.४ टक्के, दक्षिण आफ्रिकेत ६ टक्के. शहरे फुगली, कारखाने वाढले, पण शहर चालवणाऱ्या संस्थेचा वाटा जागचा हलला नाही.

आता जकातीकडे येऊ. जकात हा वाईट कर होता यात आम्हाला तिळमात्र शंका नाही. नाक्यावर ट्रक अडायचे, डिझेल जळायचे, चिरीमिरी चालायची. मुंबईची जकात चुकवण्यासाठी व्यापाऱ्यांनी हद्दीबाहेर माल उतरवायला सुरुवात केली आणि भिवंडीभोवतीच्या ग्रामपंचायतींत गोदामांचे रानच उभे राहिले. पुढे त्याला इतर कारणेही जोडली गेली, परंतु सुरुवात जकातीने झाली. एका शहराचा कर शेजारच्या गावाची शेतजमीन गोदामात बदलून टाकतो, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

मात्र जकातीत एक गोष्ट होती, तो पैसा गावात जमा व्हायचा आणि गावातच राहायचा. माल वाढला की वसुली वाढायची. मंत्रालयात कोणाचे सरकार आहे यावर गटारीचे काम अडत नव्हते. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात गेली. २०१० पासून एकेका महापालिकेत जकातीऐवजी स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी आला. २०१३ मध्ये त्याविरुद्ध राज्यभर बाजारपेठा बंद ठेवल्या गेल्या. आम्हीही शटर खाली ओढून मोर्चात चाललो. ऑगस्ट २०१५ मध्ये ५० कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांचा एलबीटी रद्द झाला, बाजारात पेढे वाटले गेले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकातही इतिहासजमा झाली.

पेढे खाताना आम्ही एक गोष्ट विसरलो. बंद झालेल्या कराच्या बदल्यात महापालिकेला शासन अनुदान देणार, पण किती? ते ठरले आधीच्या वसुलीच्या आकड्यांवरून. जीएसटीच्या वेळी राज्याने नुकसानभरपाईचा कायदा केला, त्यात २०१६-१७ हे वर्ष पायाभूत धरले आणि दरवर्षी चक्रवाढीने ८ टक्के वाढ ठरवली. म्हणजे ज्या गावाचा पाया १०० रुपये, त्याला नऊ वर्षांनी साधारण २०० रुपये. ज्याचा पाया ४० रुपये, त्याला ८०. पाया ज्याचा खोल त्याची इमारत उंच, पाया ज्याचा उथळ तो कायमचा बुटका.

आणि आमच्यासारख्या यंत्रमागाच्या गावांचा पाया उथळ का राहिला? स्पष्टच लिहितो, रागावू नये. कारण आपणच माल कमी दाखवला. नाक्यावर दहा गाठींच्या सहा लिहिल्या, एलबीटीच्या विवरणात उलाढाल निम्मी केली, कित्येकांनी नोंदणीच केली नाही. त्यावेळी तो चलाखीचा सौदा वाटला. आज तीच न भरलेली रक्कम आपल्या गावाच्या अनुदानाच्या पायातून वजा झालेली आहे आणि दरवर्षी ८ टक्क्यांच्या चक्रवाढीने वजा होत आहे. सावकाराच्या व्याजाला आपण नावे ठेवतो, इथे आपण स्वतःच्याच गावावर ते लावून घेतले.

मुंबईचे पाहा. जुलै २०१७ मध्ये मुंबई महापालिकेला भरपाईचा पहिला मासिक धनादेश मिळाला तो सुमारे ६४७ कोटींचा. २०११ च्या जनगणनेतील सव्वा कोटी लोकसंख्येने भागले तर माणशी महिना पाचशे रुपयांहून अधिक. मुंबईचा आम्हाला हेवा नाही, तिने जकात जमा केली होती, तिला मिळाली. पण प्रत्येक वाचकाने आपापल्या महापालिकेच्या अंदाजपत्रकात वस्तू व सेवा कर अनुदानाचा आकडा शोधावा आणि हाच भागाकार करावा. जे उत्तर येईल ते बायको-मुलांनाही वाचून दाखवावे. नळाला पाणी दोन दिवसाआड का येते, हे त्यांना त्यातून कळेल.

कापडवाल्यांना सत्ता वर जाण्याचा अनुभव जीएसटीच्याही आधीचा आहे. १९५७ मध्ये कापड, साखर आणि तंबाखू या तीन वस्तूंवरचा विक्रीकर राज्यांनी सोडून दिला आणि त्याबदल्यात केंद्राने जादा उत्पादनशुल्क लावून त्याचा वाटा राज्यांना द्यायचे ठरले. त्यामुळे आपल्या दोन पिढ्या विक्रीकराच्या कचेरीची पायरी न चढता कापड विकत राहिल्या. म्हणूनच २०१७ मध्ये सुरतेचे कापड बाजार आठवडेच्या आठवडे बंद राहिले. दराचा वाद होता खरा, पण नोंदणी, विवरण आणि संगणक हे सगळे एकदम अंगावर आले होते.

जीएसटीचे दर परिषद ठरवते. तिथे केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे केंद्र नाही म्हणाले तर काही होत नाही आणि एकटे महाराष्ट्र राज्य हो म्हणाले तरी काही होत नाही. महापालिकेला तर तिथे खुर्चीच नाही. मानवनिर्मित धाग्यावर १२ टक्के आणि त्याच्या कापडावर ५ टक्के, असा उलटा हिशोब आपण वर्षानुवर्षे सोसला. अडकलेल्या कराचा परतावा कापडाला मिळू लागला तो ऑगस्ट २०१८ पासून, त्याआधीची शिल्लक बुडाली. मग १ जानेवारी २०२२ पासून कापडावर १२ टक्के करायचे ठरले, देशभर ओरड झाली, ३१ डिसेंबरच्या बैठकीत ते पुढे ढकलले गेले. शेवटी सप्टेंबर २०२५ मध्ये धाग्याचा दर ५ टक्क्यांवर आला आणि गाठ सुटली. आठ वर्षे लागली. जो माणूस रोज बीम भरतो त्याला ही चूक पहिल्याच महिन्यात कळली होती, पण त्याचे ऐकायला जवळ कोणी नव्हते.

जीएसटी नको असे आमचे म्हणणे नाही. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल पाठवताना नाक्यावरची कटकट गेली, ही मोठी सोय झाली. परंतु कर एकत्र गोळा करणे वेगळे आणि खर्चाचा निर्णय एकत्र करणे वेगळे. पहिले झाले म्हणून दुसरेही होऊ द्यायचे का, हा खरा प्रश्न आहे.

खर्चाचा निर्णय दूर गेला की काय होते, याचा एक अनुभव सांगतो. गावाचे नाव लिहीत नाही. यंत्रमागाची गावे राज्यात मोजकी आहेत आणि दुखणे सारखेच. सायझिंगपासून आमच्या गोदामापर्यंतचा रस्ता पाव मैलसुद्धा नसेल. मधल्या नाल्यावरची मोरी खचली. पहिल्या पावसात सुताने भरलेला टेम्पो कलंडला, गाठी भिजल्या. नगरसेवक नव्हते. अर्ज घेऊन गेलो तर साहेब सभ्यपणे बोलले, चहाही पाजला. म्हणाले, शेठ, काम योग्य आहे, पण या शीर्षाखाली निधी नाही, प्रस्ताव वर पाठवला आहे. दुसऱ्या पावसाळ्यातही तो वरच होता. अखेर गल्लीतल्या चौदा कारखानदारांनी आणि आम्ही वर्गणी काढून मोरी बांधली. ज्यांचे चार-सहाच माग आहेत त्यांनीही मजुरीतून पैसे दिले. घरपट्टी भरली ती भरलीच, जीएसटी भरला तो भरलाच, आणि मोरी वर्गणीतून. मोरीचा खर्च फार नव्हता. त्या दोन पावसाळ्यांत भिजलेले सूत आणि लांबचा फेरा घेतलेल्या टेम्पोंचे भाडे धरले तर तिच्या कितीतरी पट नुकसान झाले होते.

आर्थिक वाढ म्हणतात ती अशा मोऱ्यांवरून येते-जाते. मागाला लागणारे सूत, वीज, मजूर आणि रस्ता, यांतली शेवटची गोष्ट तरी गावाच्या हातात असावी. विजेचा दर राज्याचा नियामक आयोग ठरवतो, सवलत मंत्रिमंडळ ठरवते, मागाच्या आधुनिकीकरणाची योजना दिल्लीत होते. या सगळ्यात जुना साधा माग चालवणारा आणि शटललेस बसवणारा यांना एकाच मापाने मोजले जाते.

माप कुठे लावायचे यावर तर सगळेच अवलंबून असते. सच्चर समितीच्या अहवालानंतर २००८ मध्ये केंद्राने अल्पसंख्याकबहुल ९० जिल्ह्यांसाठी बहुक्षेत्रीय विकास कार्यक्रम आणला. महाराष्ट्रातून त्यात परभणी, हिंगोली, वाशीम आणि बुलढाणा हे जिल्हे होते. मालेगाव आणि भिवंडी नव्हती. का? कारण मोजणीचे एकक जिल्हा होते आणि नाशिक किंवा ठाणे जिल्ह्याच्या बेरजेत ही गावे विरघळून गेली. पुढे बाराव्या योजनेच्या काळात तालुका आणि शहर हे एकक धरले गेले, तेव्हा चूक सुधारली. पण मधली वर्षे गेली ती गेली. जी योजना नेमकी ज्यांच्यासाठी होती त्यांतले सर्वांत दाटीने राहणारे लोकच तिच्या बाहेर राहिले, आणि यात कोणाचा दुष्ट हेतू शोधायचीही गरज नाही. लांबून पाहणाऱ्याला जिल्हा दिसतो, मोहल्ला दिसत नाही.

राज्याच्या पातळीवर हाच वाद अनुशेषाच्या नावाने चालला. दांडेकर समितीने १९८४ मध्ये विभागांचा अनुशेष मोजला तेव्हा तो ३,१८६ कोटी भरला. १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वैधानिक विकास मंडळे आली, त्यांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. मंडळांनी काही पैसा वळवला हे खरे. पण 'उर्वरित महाराष्ट्र' या एका शब्दात मुंबईही आली आणि मालेगावही आले. तिथेही पुन्हा मापाचाच घोळ.

सत्ता खरोखर खाली दिली तर काय होते, याचे उदाहरण शेजारच्या कर्नाटकात आहे आणि ते आपल्या वाचकांना माहीत असायला हवे. अब्दुल नजीर साब हे हेगडे मंत्रिमंडळात ग्रामविकास व पंचायतराज मंत्री होते. गावोगाव विंधनविहिरी केल्या म्हणून लोक त्यांना 'नीर साब' म्हणत. १९८३ चा जिल्हा परिषद कायदा त्यांनी आणला, १९८७ च्या सुरुवातीला निवडणुका झाल्या. अध्यक्षाला राज्यमंत्र्याचा दर्जा, जिल्ह्याच्या खात्यांचे कर्मचारी परिषदेच्या हाताखाली, खर्चाचा पैसा परिषदेकडे, आणि महिलांना २५ टक्के जागा. ७३ वी घटनादुरुस्ती यायला तेव्हा अजून सहा वर्षे होती. १९८८ मध्ये नजीर साब वारले, पुढच्या वर्षी सरकार बदलले, आणि परिषदांचे बळ पूर्वीचे राहिले नाही. म्हैसूरमध्ये त्यांच्या नावाची संस्था आहे, तिथे आजही पंचायतीच्या लोकांना प्रशिक्षण मिळते. आपल्या सभा-समारंभांत त्यांचे नाव का येत नाही, देव जाणे.

उलटी बाजूही सांगितली पाहिजे. जगातील सर्वांत मोठा मुस्लिम देश इंडोनेशिया. सुहार्तोंची राजवट १९९८ मध्ये गेली, १९९९ मध्ये कायदे झाले आणि १ जानेवारी २००१ पासून तिथे सत्ता एकदम जिल्ह्यांकडे सोपवली गेली. सुमारे २० लाख सरकारी नोकर खालच्या संस्थांकडे गेले. देशाच्या निव्वळ उत्पन्नाचा किमान २५ टक्के भाग अनुदान म्हणून खाली द्यायचा, हे कायद्यातच लिहिले. वाटेल तसा कमी-जास्त करायचा धर्मादाय नाही, हक्काचा वाटा. इतकी हिंमत थोड्याच देशांनी दाखवली. पण त्याचबरोबर नवे जिल्हे पाडण्याची चढाओढ लागली, कचेऱ्या आणि पगारांवर पैसा गेला, अनेक जिल्हाप्रमुख लाचखोरीत तुरुंगात गेले. आणि आपल्या कामाची गोष्ट म्हणजे जिल्ह्याजिल्ह्याने आपापले कर व फी बसवून मालाची वाहतूक महाग केली. आपल्या जकात नाक्यांचे जावे भाऊच ते. शेवटी २००९ च्या कायद्याने जिल्ह्यांना कोणते कर घेता येतील याची बंद यादी केली गेली, आणि मालमत्ता कर मात्र त्यांच्याकडे सोपवला गेला.

हा तोडगा आम्हाला पटतो. चालत्या मालावर गावाने कर घेऊ नये, त्याने बाजार मोडतो. बसल्या जागेवर, म्हणजे घर, गोदाम आणि कारखान्यावर घ्यावा. आणि मालावरच्या कराचा, म्हणजे राज्याच्या वाट्याला येणाऱ्या जीएसटीचा ठरावीक भाग कायद्याने थेट महापालिका-नगरपरिषदांना मिळावा. २०१६-१७ च्या जुन्या पायावर नको. निम्मा भाग लोकसंख्या आणि गरिबी पाहून, निम्मा त्या गावातल्या आजच्या उलाढालीवरून. म्हणजे गरीब गाव उपाशी राहणार नाही, आणि व्यापाऱ्याला खरे बिल फाडण्यात आपल्या गल्लीचा फायदा दिसेल. हजरत मुआज बिन जबल यांना यमनला पाठवताना जकातीबद्दल जी ताकीद होती ती आपण लहानपणापासून ऐकली आहे, की तिथल्या धनवानांकडून घ्यावी आणि तिथल्याच गरजूंना द्यावी. सरकारी कर म्हणजे जकात नव्हे हे आम्हाला कळते. पण 'तिथल्या' या शब्दाला वजन आहे, हे सरकारी अर्थशास्त्रालाही कळायला हरकत नाही.

आमच्यावर उलट प्रश्न येईल की खाली पैसा दिला तर नगरसेवक आणि ठेकेदार मिळून खातील. खातीलही. पण वरचे लोक खात नाहीत असे कोण म्हणतो? फरक इतकाच की गल्लीतला खाणारा आपल्याला शुक्रवारी मशिदीच्या पायरीवर भेटतो, त्याची कॉलर धरता येते. मंत्रालयातल्या फाईलची कॉलर कुठे असते?

मात्र त्यासाठी आपल्यालाही काही करावे लागेल. घरपट्टी थकवायची, दंडमाफीची अभय योजना येण्याची वाट पाहायची आणि वर रस्त्याबद्दल तक्रार करायची, हे सोडावे लागेल. यंत्रमाग संघटना आणि व्यापारी मंडळे विजेच्या सवलतीसाठी मुंबईला शिष्टमंडळे नेतात, ते योग्यच. पण त्यांतल्या किती मंडळांनी आपल्या महापालिकेचे अंदाजपत्रक एकदा तरी मागवून वाचले आहे? जिल्हा नियोजन समितीने मार्चअखेरीस पैसा कुठे टाकला, हे कोणी विचारले आहे? आमच्या मंडळात हा विषय काढला तेव्हा दोघे-तिघे उठून नमाजला गेले, आणि नमाजनंतर परत आले नाहीत.

नव्या महापालिकांच्या स्थायी समित्यांपुढे आता अंदाजपत्रके येतील. आम्ही एक प्रत मागितली आहे. ती हाती आली की आमच्या प्रभागात रस्ते, गटारी आणि दिव्यांवर किती रक्कम ठेवली आहे ते याच पानावर छापू. इतर गावांच्या वाचकांनी आपापले आकडे कळवले तर तेही शेजारी छापता येतील.